हा आकडा कोणी ठरवला? आंतरराष्ट्रीय संस्थांची सत्ता घरच्या कागदांवरून कशी ओळखायची

२०१० चा द्राक्ष हंगाम संपत आला होता आणि आमचा माल भरलेला कंटेनर युरोपातल्या बंदरात अडकला. निर्यातदाराचा माणूस घरी आला, ओट्यावर बसला आणि त्याने एक कागद आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात दिला. क्लोरमेक्वॅट क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त. आम्ही बागेत ज्याला लिहोसिन म्हणतो ते वेलीची वाढ आवरणारं औषध, तेच हे. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हा आकडा कोणी ठरवला?"

त्या माणसाला सांगता आलं नाही. मलाही नाही. मी राज्यशास्त्र घेऊन बीए केलं होतं, संयुक्त राष्ट्रांची सहा अंगं तोंडपाठ होती. पण आमचं वर्षभराचं उत्पन्न ज्या आकड्याने अडवलं, तो कुठून आला हे त्या सहा अंगांत सापडत नव्हतं.

त्यानंतर मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये नोंदी ठेवायच्या कामाला लागले. आबांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. आता रविवारी गावच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आणि आमच्या गटातल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून मी हेच शिकवते: ज्यांच्याकडे ना पोलीस ना फौज, अशा संस्था आपल्यावर सत्ता कशी चालवतात आणि ती ओळखायची कशी. त्यासाठी पुस्तक लागत नाही, कागद लागतात.

आधी कागद आणि लाकूड समोर घ्या

निर्यातीच्या एका लॉटची फाइल उघडा. त्यात रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या रसायनांचा रिपोर्ट असतो, अ‍ॅगमार्कचा दाखला असतो, फायटो, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला असतो. आणि जमलं तर एक लाकडी पॅलेट बघा, तेही कागदाइतकंच बोलतं.

पॅलेटच्या ठोकळ्यावर भाजून उमटवलेला शिक्का असतो. डावीकडे गव्हाच्या ओंबीचं चित्र. शेजारी देशाची दोन अक्षरं, आपल्याकडच्या लाकडावर आयएन. मग ज्याने लाकडावर प्रक्रिया केली त्याचा क्रमांक, आणि शेवटी एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलीय. लाकडातून किडी दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून हे सगळं.

ही ओंबी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराची खूण आहे. करार १९५१ चा, सचिवालय रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत. लाकडाचा नियम २००२ साली मंजूर झाला. गावाकडच्या सुताराने रोम कधी पाहिलेलं नाही, तरी तो थर्मामीटर लावून बसतो, कारण शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरावर माल उतरत नाही. मी मुलांना त्या ठोकळ्यावरून हात फिरवायला लावते. सत्ता म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर लाल दिव्याची गाडी येते. ही इथे बोटाला लागते.

त्या एमबीपाशी थोडं थांबा. मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर खाते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली ती बंद होत आली. पण किडींच्या बंदोबस्तासाठी मालाला देण्याच्या धुरीला त्याच करारात सूट आहे. एका संस्थेचं काम दुसरीच्या आड आलं आणि मधली वाट अशी निघाली. आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे एकच मोठी कचेरी नव्हे, हे मुलांना या दोन अक्षरांवरून पटतं.

मग आकड्याचा मालक शोधा

रेसिड्यूच्या रिपोर्टमध्ये उजवीकडे मर्यादेचा रकाना असतो. त्यातल्या एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? उत्तरं साधारण चार येतात आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

पहिला मालक कोडेक्स. पूर्ण नाव कोडेक्स अलिमेंटेरियस आयोग. १९६३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून सुरू केला. १८८ देश आणि वेगळा सदस्य म्हणून युरोपीय संघ. कोडेक्सचे आकडे शिफारशी असतात. दुसरा मालक युरोपीय संघ, त्याचे आकडे कायदा असतात. २००८ पासून सगळ्या सदस्य देशांत एकच यादी लागू आहे, आणि ज्या रसायनासाठी खास आकडा ठरलेला नाही तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम. तिसरा मालक आपलं स्वतःचं सरकार. चौथा मालक दुकानदार: युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्या कायद्यापेक्षाही कडक मर्यादा मागतात, आणि ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र हे कोणत्याही सरकारने काढलेलं नाही, दुकानदारांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ते सुरू झालं.

आमच्या २०१० च्या कागदावरचा ०.०५ युरोपचा होता. मालक समजला की भांडण कुठे न्यायचं ते समजतं. तेव्हा आम्ही तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन भांडलो. तिथला माणूस बिचारा यादी बघत बसला, आणि त्या यादीत लिहोसिनच नव्हतं. आपल्याकडे त्या वर्षी ज्या रसायनांसाठी माल तपासत होते, त्यात ते धरलेलंच नव्हतं. नंतर घातलं.

आकडा केवढा हेही एकदा हाताने मोजून बघा. किलोला ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे १३ टनांच्या कंटेनरमध्ये ०.६५ ग्रॅम, पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. मी सोनाराच्या काट्यावर तेवढं मीठ तोलून आबांना दाखवलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

शिफारशीला धार कुठून येते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोडेक्सची शिफारस जर ऐच्छिक, तर तिला घाबरायचं का?

कारण १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि तिच्यासोबत अन्नसुरक्षा व वनस्पती-प्राणी आरोग्याचा करार आला. कचेरीत त्याला एसपीएस म्हणतात. त्याने तीन संस्थांची नावं घेतली: अन्नासाठी कोडेक्स, वनस्पतींसाठी ओंबीच्या शिक्क्याचा करार, आणि जनावरांसाठी पॅरिसची १९२४ पासूनची प्राणी आरोग्य संघटना. तुमच्या देशाचा नियम या तिघांच्या मानकाबरहुकूम असेल, तर तो योग्यच आहे असं धरलं जाईल. त्यापेक्षा कडक असेल, तर शास्त्रीय आधार तुम्ही द्यायचा. शिफारशीचा मजकूर होता तसाच राहिला, पण न पाळणाऱ्यावर पुराव्याचं ओझं आलं.

याचा फटका भारतालाच कसा बसला ते बघा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. आपल्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना ते दिवस अजून आठवतात, अंडं कोणी हातात धरत नव्हतं. भारताने बर्ड फ्लू असलेल्या देशांतून कोंबडी आणायला बंदी केली. अमेरिकेत त्याचा सौम्य प्रकार सापडला, तरी बंदी सगळ्या अमेरिकेवर. २०१२ मध्ये अमेरिका जिनिव्हाला, म्हणजे व्यापार संघटनेकडे दाद मागायला गेली. तिथे प्राणी आरोग्य संघटनेची संहिता पुढे आली. तिच्यात म्हटलंय की रोग ज्या पट्ट्यात आहे तेवढाच पट्टा बंद करता येतो, अख्खा देश बंद करायची गरज नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त बोचली: स्वतःच्या देशात साथ आली की भारत प्रादुर्भावाभोवतीच्या दहा किलोमीटरपर्यंत निर्बंध घालतो आणि बाकीचा व्यापार चालू ठेवतो, मग अमेरिकेला वेगळा न्याय का? २०१४ मध्ये भारत हरला, जून २०१५ मध्ये अपिलातही हरला. प्रकरण शेवटी २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेच्या सुमाराला तडजोडीने मिटलं, आणि आपण गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी अशा मालावरची जकात कमी केली.

ज्या संहितेला कोणी कायदा म्हणत नव्हतं, तिच्यावर निकाल लागला. मुलांना मी हे फळ्यावर दोन चौकटी काढून दाखवते. एक चौकट मानक लिहिणाऱ्याची, दुसरी वाद सोडवणाऱ्याची, मध्ये बाण. कुठलीही आंतरराष्ट्रीय संस्था समोर आली की हा बाण शोधायचा.

बाण नेहमी न्यायालयाकडेच जातो असं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची उदाहरणं घ्या. जागतिक आरोग्य संघटना लसीची तपासणी करून तिला पूर्वपात्रता देते. कागदोपत्री तेही मतच. पण युनिसेफ गरीब देशांसाठी लस घेताना हाच शिक्का बघते. मेंदूज्वराच्या मेनअफ्रिव्हॅक लसीला २०१० मध्ये तो मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. १५ फेब्रुवारी २०२१ ला कोविडच्या लसीला तातडीच्या वापराची मान्यता मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सची, म्हणजे गरीब देशांना कोविडची लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेची दारं तशीच उघडली. इथे बाण खरेदीदाराच्या पैशाकडे जातो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तो मतांच्या हिश्शाकडे जातो: मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सोळा टक्क्यांच्या वर आहेत. हिशोब तुमचा तुम्ही करा.

खोलीत कोण बसलं होतं ते विचारा

कोडेक्समध्ये एक देश एक मत. शक्यतो सहमतीने ठरवायचं असा रिवाज. कागदावर भारत आणि अमेरिका सारखेच. पण आकडा मताला येण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं.

कीडनाशकांच्या मर्यादा आधी तज्ज्ञांच्या संयुक्त बैठकीत तपासल्या जातात, मग चीनकडे यजमानपद असलेल्या समितीत येतात, मग आयोगापुढे. तज्ज्ञांना हवी असते माहिती: ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या शेतातल्या चाचण्या, कोणत्या दिवशी किती उतरलं त्याचे आकडे. ही माहिती बहुतेक करून रसायन बनवणारी कंपनी देते. ज्या पिकात कंपनीला मोठी विक्री दिसत नाही त्याच्यासाठी ती खर्च करत नाही. माहिती नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून युरोपात ०.०१. कोणी कोणाविरुद्ध हात वर केलेला नसतो आणि तरी शेतकऱ्याचा माल अडतो. मला ही सत्ता सगळ्यात जड वाटते, कारण तिच्यापुढे जाब विचारायला माणूसच सापडत नाही.

आणि मत पडतं तेव्हा ते किती अटीतटीचं असतं याचं एक उदाहरण. जुलै १९९५, व्यापार संघटना सुरू होऊन सहा महिने झालेले. गाईबैलांच्या वाढीसाठी टोचायच्या संप्रेरकांच्या मर्यादा कोडेक्सपुढे आल्या. युरोपाचा कडवा विरोध. गुप्त मतदान झालं: बाजूने ३३, विरोधात २९, तटस्थ ७. चार मतांनी ते जगाचं मानक झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने युरोपाविरुद्ध दावा लावला.

आपल्याला खोलीत बसता येत नाही असं मात्र नाही. मसाल्यांच्या मानकांची कोडेक्स समिती भारताच्या मागणीवरून झाली, यजमान आपलं मसाला मंडळ, पहिली बैठक फेब्रुवारी २०१४ मध्ये कोचीला. २०१७ मध्ये जिरं आणि मिरी यांची मानकं मंजूर झाली. कुठल्या प्रतीचं जिरं म्हणजे चांगलं जिरं, हे लिहिताना टेबलाच्या मुख्य खुर्चीत भारत होता. द्राक्षाच्या बाबतीत आपण अजून बाकावर आहोत.

सत्ता कुठे अडते तेही बघा

संप्रेरकांच्या दाव्यात युरोप १९९८ मध्ये हरला. त्याने मांस घेतलं नाहीच. १९९९ मध्ये अमेरिकेला वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलरच्या मालावर जादा जकात लावायची परवानगी मिळाली. फ्रान्सच्या रोकफोर चीजवर शंभर टक्के लागली. युरोपाने ते वर्षानुवर्षं सोसलं. कोंबडीच्या प्रकरणात आपण अखेर जकात कमी केली. करार एकच, पण न पाळल्याचा खर्च कोणाला झेपतो यावर पुढचं ठरलं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी मुलांना तसं सांगते.

दुसरं उदाहरण उसाचं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेच्या मदतीविरुद्ध दावा केला. आपलं म्हणणं होतं की एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सरकार देत नाही, कारखाना देतो, तेव्हा ती सरकारी मदत कशी? १४ डिसेंबर २०२१ च्या निकालात पॅनेलने ते मानलं नाही: दर सरकारने बांधून दिलाय, पैसे कोणाच्या खिशातून जातात याने फरक पडत नाही. त्यावर भारताने अपील केलं. पण अपील ऐकायला कोणी नव्हतं. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ बंद पडलेलं. त्यामुळे निकाल अधांतरी आहे आणि तुमची एफआरपी चालू आहे. आज आपली सोय झाली. उद्या आपल्या द्राक्षावर कोणी अन्याय्य बंदी घातली, तर आपलंही अपील याच बंद दारावर जाऊन पडेल.

आता तुम्ही काय करायचं

एसपीएस करारात एक कलम शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे. कोणत्याही सदस्याला आंतरराष्ट्रीय मानकाबाहेरचा, व्यापाराला लागणारा नवा नियम आणायचा असेल, तर आधी जिनिव्हाला कळवावं लागतं आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस ठेवायचे असतात. ही सूचना कोणालाही वाचता येते. ईपिंग नावाची मोफत सेवा आहे. तिच्यात नाव नोंदवा, माल म्हणून द्राक्ष निवडा, बाजार म्हणून युरोपीय संघ निवडा. मर्यादा बदलायचा प्रस्ताव आला की मेल येतो. इंग्रजीत असतो, घरातल्या शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. आमच्या गटात हे काम बारावीतली एक मुलगी करते, आणि ती कोणाही कन्सल्टंटच्या आधी आम्हाला सांगते.

जिनिव्हात तोंड फक्त देशाला असतं, गटाला नाही. म्हणून तुमची हरकत अपेडाला, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाला, आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाला पाठवा. कोडेक्सचा विषय असेल तर दिल्लीत एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे; देशाचा कोडेक्स संपर्क कक्ष तिथे आहे. पत्र एका पानाचं. वर सूचनेचा क्रमांक जसाच्या तसा. मग रसायन, पीक, तुम्ही ते कोणत्या अवस्थेत वापरता, काढणीआधी किती दिवस थांबता, त्याला पर्याय काय आणि त्याचा खर्च किती. "शेतकरी अडचणीत आहे" असं लिहू नका. खरं असलं तरी त्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही, तिथे तारखा आणि आकडे लागतात.

आणि एक मुद्दा द्राक्षवाल्यांनी प्रत्येक पत्रात घालावाच. नियम छापून आल्यापासून लागू होईपर्यंत वाजवी अवधी द्यायचा असतो, आणि २००१ च्या दोहा परिषदेत हा अवधी साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा कमी नसावा असं ठरलं. भाजीला सहा महिने पुरतील. द्राक्षाला पुरत नाहीत. लिहोसिन मारतात खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेमध्ये, काडीत घड धरावा म्हणून. तो माल तुटतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत आठ ते दहा महिने. ऑगस्टमध्ये छापलेला नियम फेब्रुवारीत लागू झाला, तर त्या मालाला लागणारी फवारणी नियम छापायच्या आधीच होऊन गेलेली असते. शेतकऱ्याने काही चूक न करता तो दोषी ठरतो. म्हणून किमान बारा महिने मागा, आणि सोबत स्वतःच्या फवारणी वहीच्या दोन पानांची प्रत जोडा: एक खरड छाटणीचं, एक तोडणीच्या आठवड्याचं.

माझ्या पहिल्या पत्राला मी आबांच्या २०१० च्या वहीची पानं जोडली होती. खरड छाटणीची तारीख त्यांनी निळ्या शाईने लिहिलेली आहे, खाली लिहोसिनचं प्रमाण, आणि समासात तिथीसुद्धा. ग्रेपनेटचा, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीतला प्लॉट क्रमांक मी वर पेन्सिलने लिहिला आणि सही त्यांचीच घेतली.